काय दाबलं?

आमच्या कंपनीनं मला नोकरीवर घेतलं ते काकांना घरी बसवण्यासाठी. नेमणुकीच्या पत्रात अर्थात तसं लिहिलेलं नव्हतं. त्यात ‘संगणक विभागाचे आधुनिकीकरण’ असे भारदस्त शब्द होते. पण जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या बियाणे कंपनीत संगणक विभाग म्हणजे एक गार खोली, खोलीत एक मोठं मशीन आणि मशीनशेजारी काका, एवढाच ऐवज होता. मशीन बदलायचं मालकांच्या मनात नव्हतं आणि खोलीला एसी आधीच होता. आधुनिक करण्यासारखे उरले फक्त काका.

मी पहिल्यांदा त्या खोलीत शिरलो तो मे महिना होता. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत हा माणूस माकडटोपी आणि बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसला होता. दार वाजलं तसं त्यांनी मान न वळवता सांगितलं, “चपला भायेर.”

“बूट आहेत,” मी म्हणालो. माझ्यासारखा जाफराबादचा माणूस पुण्यात दोन वर्षं शिकून आला की अशा वेळी असंच बोलतो.

“मंग बूट भायेर.”

सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी मोठे असलेले आमचे मालकसुद्धा. काका रोज परतूरहून रेल्वेनं यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. पाच वाजता ते टोपी काढून खिळ्याला अडकवायचे, स्वेटरची घडी घालायचे आणि निघायचे. त्यानंतर मशीनला आग लागली असती तरी त्यांनी ती दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन विझवली असती.

ज्यांनी असलं मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. तेव्हा लोक मोबाईलवर अख्खे सिनेमे बघायला लागले होते, पण आमच्याकडे अजून काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं होती. गेटवर, वजनकाट्यावर, गोदामात, पॅकिंगला, उगवणशक्ती तपासायच्या लॅबमध्ये अशी एकूण चौदा टर्मिनलं. टर्मिनल म्हणजे एक पडदा आणि एक कीबोर्ड. त्याला स्वतःचं डोकं नाही. डोकं गार खोलीत, चौदा जणांत मिळून एक. प्रत्येक टर्मिनलपासून एक वायर त्या डोक्यापर्यंत यायची, तिला आम्ही लाईन म्हणायचो.

ही लाईन अधूनमधून लॉक व्हायची. अक्षरं जागच्या जागी थिजायची, कितीही बटणं बडवली तरी काही उमटायचं नाही. टर्मिनल बंद करून चालू केलं तर पडदा कोरा व्हायचा, पण लाईन बंद ती बंदच, कारण कुलूप आत मोठ्या मशीनमध्ये लागलेलं असायचं. मग कोणीतरी गार खोलीतून त्या लाईनीवर अडकलेलं काम शोधून मारायचं आणि लाईन नव्यानं उघडायची. काम मारलं की त्या माणसानं टाइप केलेलं, पण शेवटचं बटण दाबून पक्कं न केलेलं सगळं पुसलं जायचं. हे सगळं अर्ध्या मिनिटात होणारं काम होतं. काका त्याला वीस मिनिटं घ्यायचे.

कारण काका आधी उठायचे. लॉक झालेली लाईन कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला असली तरी चालत तिथवर जायचे. खिशातून टॅग काढायचे. बियाण्याच्या पिशव्यांना लावायचे हे पुठ्ठ्याचे टॅग छापताना बिघडले की त्यांचे गठ्ठे काकांकडे यायचे, कारण मागची बाजू कोरी असायची. त्या कोऱ्या बाजूवर काका पडद्यावरचं प्रत्येक अक्षर हातानं उतरवून घ्यायचे. एकही आकडा न गाळता, बारीक, सुबक अक्षरात. समोर वजनकाट्यावर ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत असायचे, गोदामवाला डोक्याला हात लावून बसलेला असायचा, आणि काका चष्मा वर करून विचारायचे, “हा तीन हाय का आठ?”

सगळं उतरलं की खाली एक ओळ लिहायचे: ‘काय दाबलं’. मग टर्मिनलवरच्या माणसाकडे बघायचे.

“काय दाबलं?”

“काहीच न्हाई दाबलं, काका.”

“मंग लाईन काय खुशीनं लॉक झाली?”

यापुढे ते काही बोलायचे नाहीत. नुसते उभे राहायचे. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं, उभ्या राहिलेल्या माणसाचं काय करणार? दोन-चार मिनिटांनी समोरचा कबूल व्हायचा. डबा कीबोर्डवर ठेवला होता, मशीन हळू चाललं म्हणून रागानं एकच बटण दहादा दाबलं होतं, लॉगआऊट न करता चहाला गेल्तो, असं काहीतरी. काका ते टॅगवर लिहायचे, खाली त्याची सही घ्यायचे, टॅग तारेत ओवायचे आणि मग जाऊन लाईन सोडवायचे. खरं बोलणाऱ्याला बक्षीस म्हणून मलमाच्या जुन्या पत्र्याच्या डबीतून चिमूटभर बडीशेप मिळायची. त्या बडीशेपेला मलमाचा वास येतो, असं लोक सांगायचे. तरी ती मिळालेला माणूस दिवसभर सगळ्यांना सांगत फिरायचा.

एकदा मालकांचंच टर्मिनल लॉक झालं. मालक म्हणाले, मी हातही लावलेला नाही. काका उभे राहिले. पाहुणे बसलेले, चहा निवून चाललेला. शेवटी मालकांनी पाहुण्यांसमोर कबूल केलं की पेपर वाचताना त्यांचं कोपर कीबोर्डवर होतं. काकांनी लिहिलं, ‘काय दाबलं: कोपर (डावं)’. मालकांनी सही केली आणि पाहुण्यांच्या देखत बडीशेप खाल्ली. ज्या माणसासमोर मी तीन महिने पगाराचा विषय काढू शकलो नव्हतो, त्यानं मान खाली घालून बडीशेप खाल्ली हे बघून मला फार बरं वाटलं.

खंडेनवमीचं प्रकरण तर माझ्या देखत घडलं. आमच्याकडे त्या दिवशी वजनकाट्यापासून स्टेपलरपर्यंत सगळ्याची पूजा व्हायची. टर्मिनलचीही. पूजा करायची तर यंत्र चालू पाहिजे, बंद यंत्राची पूजा अपशकुनी, असं पॅकिंगच्या लोकांचं ठाम मत होतं. त्यामुळे चालू टर्मिनलाला हळद-कुंकू, झेंडूचा हार आणि कीबोर्डवर मधोमध नारळ. दसऱ्याची सुट्टी संपवून लोक परत आले तेव्हा चौदापैकी नऊ लाईनी लॉक. नारळ दोन दिवस बटणं दाबून बसले होते.

मी हसून हसून बेजार झालो. काका हसले नाहीत. टॅगांचा गठ्ठा घेऊन ते नऊ ठिकाणी फिरले. नऊ पडद्यांवर एकच अक्षर वरपासून खालपर्यंत भरलेलं होतं. तेही त्यांनी उतरवून घेतलं. सगळं.

“काका, हे कशाला लिहिताय?” मी विचारलं. “यात काय आहे?”

“काय हाय ते तुला काय म्हाईत? आन मला काय म्हाईत? ज्याचं काम हाय त्याला म्हाईत.”

“नारळाचं काम आहे ते.”

“मंग नारळाला इचारू.” आणि पॅकिंगच्या मुकादमाकडं वळून, “काय दाबलं?”

“नारळ ठिवला व्हता, काका.”

‘काय दाबलं: नारळ’. नऊ टॅग, नऊ सह्या, नऊ चिमट्या बडीशेप. पुढच्या वर्षापासून काकांचा नियम निघाला की टर्मिनलाच्या पूजेला नारळ नाही, सुपारी चालेल, तीही पडद्याच्या वर. इतक्या गंभीरपणे काढलेला आदेश मी त्या कंपनीत दुसरा पाहिला नाही.

या वेडाचं मूळ मला गोदामाच्या जुन्या वॉचमननं सांगितलं. मशीन नवीन आलं तेव्हा एकदा काकांनी सहा नंबरची लाईन मारायच्या ऐवजी नऊ नंबरची मारली होती. नऊवर वजनकाट्याचा एक म्हातारा कारकून होता. एका बोटानं टाइप करणारा. दिवसभर आलेल्या सगळ्या गाड्यांच्या नोंदी त्यानं एकेक अक्षर शोधत भरल्या होत्या, शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं. त्याच्यासमोर पडदा कोरा झाला. तो भांडला नाही. त्यानं चिठ्ठ्यांची चळत पुन्हा सरळ केली आणि पहिल्या गाडीपासून सुरुवात केली. काका त्याच्या शेजारी चिठ्ठ्या वाचून दाखवत बसले आणि त्यांची परतूरची गाडी चुकली. उभ्या नोकरीत त्यांची गाडी चुकली ती तेवढीच. दुसऱ्या दिवसापासून टॅग सुरू झाले.

मी ही गोष्ट ऐकली आणि मला वाटलं, किती हळवा आणि किती मागासलेला माणूस आहे हा. मग मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. कोणाचाही फोन आला की मी गार खोलीबाहेरच्या माझ्या टेबलावरून एक अक्षर आणि लाईनीचा नंबर टाइप करायचा, एन्टर मारायचा, की लाईन मोकळी. उठायला नको, चालायला नको, काही विचारायला नको. आठवड्याभरात सगळ्यांनी काकांना फोन करणं सोडलं आणि मला करू लागले. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. हे मॅनेजरसाहेब प्रगतीचे भोक्ते होते. त्यांनी नुकतंच ‘कागदमुक्त कार्यालय’ जाहीर केलं होतं आणि तसे मोठे कागद छापून चौदा ठिकाणी चिकटवले होते. लॅबची रजिस्टरं त्याच धडाक्यात बंद झाली. इतके दिवस दाणे मोजून आधी वहीत लिहायचे आणि मग टर्मिनलवर टाकायचे. आता लॅबनं फळ्यावर खडूनं आकडे लिहायचे, टर्मिनलवर टाकायचे आणि फळा पुसायचा.

काकांनी माझा प्रोग्राम पाहिला. एकदा, दोनदा.

“लई जल्दी हाय,” ते म्हणाले.

मला ते कौतुक वाटलं.

“इंजिनेरसाब, लाईन मेलेली नसती. घाबरलेली असती. तिच्या तोंडात काय हाय ते बघायचं आधी. मंग सोडवायची.”

“काका, तोवर चार गाड्या खोळंबतात.”

“गाड्याला काय व्हतंय? गाड्या उभ्या ऱ्हायला शिकलेल्या हायेत.”

माझ्या प्रोग्रामनं लाईन सुटू लागली तरी काका चालत जायचं थांबले नाहीत. फोन माझ्याकडे आला की ते गार खोलीतून कानोसा घ्यायचे आणि टॅग घेऊन निघायचे. पुष्कळदा ते पोचेपर्यंत मी लाईन मोकळी केलेली असायची आणि ते परत यायचे. त्या दोन वर्षांत मी रोज जेवायला काकांच्या शेजारी बसलो, त्यांच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा खाल्ला. बडीशेप मात्र मला त्यांनी एकदाही दिली नाही. मी मागितलीही नाही. मला कुठं काय कबूल करायचं होतं?

आता वंदनाताईंबद्दल. लॅबमध्ये उगवणशक्तीची चाचणी त्या घ्यायच्या. प्रत्येक लॉटमधले दाणे मोजून वाळूच्या ट्रेमध्ये लावायचे, रोज पाणी, उष्णता बघायची आणि ठरलेल्या दिवशी शंभरात किती उगवले ते मोजायचं. उंच, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांचं टर्मिनल म्हणजे लाईन अकरा.

खरिपाच्या तोंडावरची ती दुपार. त्यांनी सोयाबीनच्या बारा लॉटपैकी अकरांचे आकडे टाकले होते आणि बाराव्याचे दाणे परत मोजून घ्यावेत म्हणून आतल्या खोलीत ट्रेपाशी गेल्या होत्या. परत आल्या तर लाईन लॉक. त्यांनी मला फोन केला, “सर, अकरा अडकली,” आणि पुन्हा ट्रेपाशी गेल्या. मी तेव्हा मॅनेजरसाहेबांना काहीतरी दाखवत होतो, म्हणजे स्वतःला दाखवत होतो. “दोन मिनिटांत करतो,” म्हणालो आणि नेहमीपेक्षा जरा उशिरा, पण अगदी ऐटीत, ते एक अक्षर टाइप करून एन्टर मारला.

मिनिटाभरात वंदनाताईंचा परत फोन.

“सर, पडदा कोरा झाला. काका इथं उभे हायेत. ते म्हणून राह्यले, सगळं गेलं, परत टाका.”

मागून काकांचा आवाज येत होता, “बिलकुल सगळं टाका, ताई! अकराच्या अकरा!”

मॅनेजरसाहेब माझ्याकडे बघत होते. माझ्या प्रोग्रामनं बाईंचं काम पुसलं, हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारण्याइतका मी तेव्हा प्रगत नव्हतो. मी म्हणालो, “काही गेलेलं नाही मॅडम. सिस्टीम आहे ती, सगळं ठेवते. काकांचं ऐकू नका. उरलेला एक लॉट तेवढा टाका.”

मला खरं काय ते माहीत नव्हतं असं नाही. मला शंका होती. बघतो असं म्हणता आलं असतं, बघताही आलं असतं. पाच वाजत आले होते, काका गाडीसाठी निघून गेले आणि घरच्या लग्नाची दहा दिवसांची रजा त्यांनी आधीच टाकली होती. वंदनाताईंनी शिकलेल्या माणसाचं ऐकलं. उरलेला एक लॉट टाकला, शेवटचं बटण दाबलं, फळा पुसला आणि ट्रे धुवायला घेतले.

इथं आणखी एक कबुली. हंगामात गाड्या अडू नयेत म्हणून, ज्या लॉटची नोंद लॅबकडून दोन दिवसांत येणार नाही तो आपोआप ‘पास’ धरायचा, अशी सोय मशीनमध्ये केलेली होती. हुकूम मॅनेजरसाहेबांचा, करामत माझी. त्या अकरांपैकी दहा लॉट तसेही चांगलेच होते. चौथा नापास होता. तोही दोन दिवसांनी पास झाला, पिशव्यांना टॅग लागले आणि एक गाडी भोकरदनकडं रवाना झाली.

पुढच्या आठवड्यात भोकरदनकडच्या केदारखेड्याहून एक म्हातारे शेतकरी आले. खांद्यावर ओल्या गोणपाटाची गुंडाळी. ते सरळ मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि गोणपाट काचेच्या टेबलावर उलगडलं.

“पेरायच्या आधी शंभर दाणे मोजून गोणपाटात गुंडाळत असतो मी. दर साली. बराबर शंभर. हे बघा, एक्कावन्न निघाले. बाकीचे झोपून राह्यले.”

टेबलावर चिखलाचं पाणी पसरलं. एसी, ट्रे, टर्मिनल आणि चौदा छापील फलक असलेल्या आमच्या कंपनीची उगवणशक्तीची चाचणी एका गोणपाटानं घेतली होती. त्यांच्या सावधपणामुळे पेरणी वाचली, दुकानांतून माल परत मागवला, दुसरा पाठवला. पण नापास लॉट पास कसा झाला, याला उत्तर पाहिजे होतं. मशीनमध्ये शोधलं तर त्या लॉटपुढे लॅबची नोंदच नव्हती.

मॅनेजरसाहेबांनी वंदनाताईंना बोलावलं. तज्ज्ञ म्हणून मी शेजारी.

“याचा अर्थ तुम्ही चाचणी केलीच नाही,” साहेब म्हणाले.

“केली साहेब. शंभरात त्रेपन्न उगवले होते. मीच नापास टाकला. लाईन लॉक झाली होती. मी ह्या सरांना इचारलं, हे म्हणाले की सगळं हाय.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी स्मरणशक्ती लहानपणापासून उत्तम आहे. त्या दिवशी मात्र तिला एकाएकी चक्कर आली.

“रोज इतक्या लाईनी सोडवतो,” मी म्हणालो. “नेमकं आठवत नाही.”

वंदनाताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग साहेबांना म्हणाल्या, “बारा वर्षं झाले दाणे मोजून राह्यले मी. एक दाणा इकडचा तिकडं केला न्हाई.”

साहेब म्हणाले, उद्या दुपारपर्यंत पुरावा आणा, नाहीतर राजीनामा आणा. कागदमुक्त कार्यालयात त्या पुरावा कुठून आणणार होत्या, हे साहेबांनी सांगितलं नाही.

काका त्या दिवशीच रजेवरून परतले होते आणि केबिनमधलं सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. पाच वाजायच्या आत ते माझ्या टेबलापाशी आले. टोपी काढलेली, पिशवी खांद्यावर. त्यांनी तारेतून काढलेला एक टॅग माझ्यासमोर ठेवला.

मागच्या कोऱ्या बाजूवर तेच सुबक अक्षर. तारीख, वेळ, लाईन अकरा. मग एकाखाली एक लॉट. चौथ्यापुढे: त्रेपन्न, नापास. नऊपर्यंत आकडे होते. दहाव्या लॉटचा नंबर अर्धाच होता आणि पुढं लिहिलं होतं, ‘इथं पडदा गेला’. म्हणजे मी एन्टर मारला तेव्हा हा माणूस तिकडे लॅबमध्ये एकटा उभा राहून उतरवून घेत होता, आणि बाई आतल्या खोलीत असल्यानं त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

खाली नेहमीची ओळ होती. ‘काय दाबलं:’ आणि पुढं कोरं.

“हे तुम्ही साहेबांना द्या ना, काका,” मी म्हणालो.

“मी दिलं तं चुगली व्हईल. तू दिलं तं तुझं बोलणं व्हईल.”

“याची दुसरी प्रत आहे?”

“न्हाई.”

“मग माझ्याकडे कशाला देताय? मी हरवलं तर?”

“माझ्या एकट्याच्या अक्षराला कोन मानतं? म्हणतील काल बसून लिहिलं. खाली तुझं पाह्यजे.” त्यांनी घड्याळ पाहिलं. मग कधी नव्हे ते पाच वाजून गेले तरी उभेच राहिले.  मी पडद्याकडे बघत बसलो. शेवटी तेच म्हणाले, “जातो. गाडी हाय,” आणि गेले. त्यांच्यासमोर एवढा वेळ टिकलेला मी पहिलाच माणूस. याचा मला अभिमान वाटायला हवा होता.

तो टॅग मी शर्टाच्या खिशात ठेवला. खोलीवर गेल्यावर शर्ट धुवायच्या बादलीत टाकला. खिसा न तपासता शर्ट भिजवणं ही कोणाच्याही हातून होणारी चूक आहे, आणि साबणाच्या पाण्यात पुठ्ठा किती वेळ टिकतो हे शास्त्राच्या माणसाला ठाऊक असतं. नळ सोडायला हात पुढं केला आणि मला तो एका बोटानं टाइप करणारा म्हातारा आठवला, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं. त्याच्या वेळी काकांनाही म्हणता आलं असतं, नेमकं आठवत नाही. ते चिठ्ठ्या वाचून द्यायला बसले. मला माझी लाज वाटली. मी टॅग बाहेर काढला. बादलीच्या तळाच्या ओलीनं एक कोपरा ओला झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोऱ्या जागी लिहिलं: ‘एक अक्षर, अकरा, एन्टर. न बघता. नंतर बाईंना सगळं आहे असं खोटं सांगितलं.’ खाली सही केली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. वंदनाताई आधीच बसल्या होत्या. हातात घडी केलेला कागद. तो राजीनामा होता.

साहेबांनी टॅग दोनदा वाचला. मग तिसऱ्यांदा, बहुधा ‘आपोआप पास’ची सोय कोणाच्या हुकमावरून झाली हे त्यावर लिहिलेलं नाही ना, ते बघायला. मला लेखी समज मिळाली. ती सोय त्याच दिवशी काढून टाकली. लॅबचं रजिस्टर परत सुरू झालं आणि त्याच्या वर, भिंतीवर, ‘कागदमुक्त कार्यालय’ पुढं वर्षभर तसंच होतं. नंतर प्रत्येक टेबलावर स्वतःचं डोकं असलेले संगणक आले, लाईनी उरल्या नाहीत आणि काका मोठ्या मशीनबरोबरच निवृत्त झाले. मला ज्या कामासाठी घेतलं होतं ते असं माझ्याशिवायच झालं.

वंदनाताईंनी राजीनाम्याचा कागद पर्समध्ये ठेवला. केबिनच्या बाहेर आल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं.

“तुम्ही नुसतं म्हणले असते ना, गेलं म्हणून,” त्या म्हणाल्या, “तं दहा मिनिटांत टाकलं असतं मी परत.” आणि लॅबकडं निघून गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या, नीट बोलल्या, पण परत कधी मला सर म्हणाल्या नाहीत.

मी गार खोलीत गेलो. बूट बाहेर काढले. काका टोपी घालून पाठमोरे बसले होते.

“दिला,” मी म्हणालो.

“लिहिलं?”

“लिहिलं.”

“काय दाबलं?”

त्यांना ते कधीचंच ठाऊक होतं. तरी मी सगळं सांगितलं. अक्षर, नंबर, एन्टर, फोनवरचं वाक्य, केबिनमधलं वाक्य, आणि कोणी विचारलं नव्हतं तरी ती बादलीसुद्धा. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वेटरच्या आत हात घालून डबी काढली, झाकण नखानं उघडलं आणि माझ्या तळहातावर उलटी केली. तळाशी राहिलेली बडीशेप होती, सादळलेली. तिला खरंच मलमाचा वास येत होता. मी तिथंच उभा राहून एकेक दाणा चावून खाल्ला.